पाचोळ्याचं देणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पाचोळा हा आम्हा कवी मंडळींचा लाडका शब्द. गळून पडलेलं, वाऱ्यावर भिरभिरणारं, कुणाच्याच उपयोगाचं नसलेलं काही दाखवायचं असलं की आम्ही पाचोळ्याला हाक मारतो. कवितेत पाचोळा म्हणजे शेवट. मातीला मात्र हे मान्य नाही. तिच्या वहीत पाचोळा जमेच्या बाजूला लिहिलेला असतो. आज या जमेच्या बाजूविषयी तुमच्याशी बोलणार आहे.

मी काही शेतकी शास्त्राचा पदवीधर नाही. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. पण कोकणातल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलो आणि काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनाच्या निमित्तानं कुमाऊंच्या डोंगरात जाणं झालं. तिथं चीड, म्हणजे पाइनची जंगलं पाहिली आणि त्या झाडाच्या मागेच लागलो. जे वाचलं, जाणत्यांना विचारून घेतलं, ते सांगतो.

पाइन हे मोठं काटकसरी झाड. वाळूत, मुरमाड उतारावर, जिथं इतर झाडं नाक मुरडतात तिथं ते उभं राहतं. त्याची पानं म्हणजे सुया. झाडावरून सुई गळण्याआधी झाड तिच्यातलं बरंचसं नत्र आणि स्फुरद परत ओढून घेतं. घर सोडताना भिंतीतले खिळेसुद्धा काढून नेणाऱ्या भाडेकरूसारखं. त्यामुळं खाली पडलेली सुई जवळजवळ रिकामी असते. त्यात राळ आणि चिवट लिग्निन, म्हणून ती कुजतेही सावकाश. वर्षानुवर्षांच्या सुया साचून जमिनीवर गादीसारखा थर होतो. वरचा थर ताजा, खालचा अर्धवट कुजलेला, त्याच्या खाली काळसर भुगा. या भुग्यातच जंगलाची सगळी शिल्लक असते.

ही शिल्लक उचलली तर काय होतं, याचा सर्वांत जुना दाखला जर्मनीतला आहे. न्यूरेंबर्ग शहराभोवती वाळूवरचं मोठं जंगल आहे. इमारतींना आणि भट्ट्यांना लाकूड देऊन ते चौदाव्या शतकातच विरळ झालं होतं. 1368 साली पेटर श्ट्रोमर नावाच्या तिथल्या व्यापाऱ्यानं पाइनचं बी पेरून ते पुन्हा उभं करायला घेतलं. बी पेरून जंगल वाढवण्याचा युरोपातला हा पहिल्या ज्ञात प्रयोगांपैकी एक. पुढं शेकडो वर्षं तिथं पाइन वाढत राहिला. पण आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांकडं गुरांखाली अंथरायला पेंढा पुरत नसे. ते जंगलात जात, दाताळ्यानं सुया ओढत, गोठ्यात पसरत. शेणमुतात भिजलेलं ते अंथरूण मग शेतात खत म्हणून जाई. शेत पिकलं, जंगल मात्र खुरटत गेलं. झाडं बारीक, काठीसारखी झाली. लोकांनी त्या जंगलाला नावच ठेवलं, ‘काटक्यांचं जंगल’. 1876 मध्ये एबरमायर या शास्त्रज्ञानं बव्हेरियातल्या जंगलांचा पाचोळा मोजून, त्यात काय काय असतं याचं पृथक्करण करून ग्रंथ लिहिला. लाकूड नेण्यापेक्षा पाचोळा नेणं जमिनीला महाग पडतं, हे त्यातून आकड्यांनी दिसलं. कारण साधं आहे. झाडाच्या खोडाचं वजन मोठं, पण त्यात नत्र, स्फुरद, चुना कमी. हे सगळं असतं पानांत, डहाळ्यांत, सालीत. खोड नेलं तर व्याज गेलं, पाचोळा नेला तर मुद्दल गेलं.

इथं एक गोष्ट विसरू नये. ते शेतकरी जंगलाचे वैरी नव्हते. गोठ्यातली दोन गुरं जगवायची होती, म्हणून ते सुया नेत होते. मातीच्या बहुतेक गोष्टींत असं असतं. एकाचं पोट आणि दुसऱ्याचा वारसा यांची गाठ पडते.

दुसरी गोष्ट दक्षिण ऑस्ट्रेलियातली. तिथं माउंट गॅम्बियरच्या परिसरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा पाइन आणून लावला. रेडिएटा पाइन म्हणतात त्याला. जमीन वाळूची, स्फुरद कमी, जस्तही कमी. तरी पहिलं पीक झकास आलं. झाडं तोडली, लाकूड गिरणीत गेलं. मागं उरल्या फांद्या, शेंडे, सुया, सालपटं. एवढ्या पसाऱ्यात नवीन रोपं लावायची कशी? सरळ उपाय म्हणजे काडी लावणे. तो केला. जमीन स्वच्छ झाली, रोपं रांगेत उभी राहिली. आणि मग लक्षात यायला लागलं की दुसरं पीक पहिल्यासारखं वाढत नाही. 1966 मध्ये कीव्ह्ज नावाच्या वनतज्ज्ञानं याचे पुरावे मांडले. बऱ्याच ठिकाणी वाढ पाव हिश्श्यानं किंवा त्याहून जास्त घटली होती. वनविद्येच्या जगात खळबळ उडाली. कारण पाइनचं पीक तीस-चाळीस वर्षांचं. बापानं लावायचं, मुलानं तोडायचं. दुसऱ्याच पिढीला जमीन हात आखडता घेऊ लागली, तर तिसऱ्या पिढीनं काय करायचं?

शोध सुरू झाला. जाळण्यानं नेमकं काय जातं? लाकूडफाटा जळतो तेव्हा त्यातलं बहुतेक नत्र धुरावाटे हवेत निघून जातं. चुना, पालाश, बराचसा स्फुरद राखेत राहतो. पण राखसुद्धा वाळूवर किती दिवस टिकणार? थोडी वाऱ्यानं, थोडी पहिल्या पावसानं जाते. शिवाय उघड्या वाळूला ऊन लागतं, ओल उडते, तण माजतं. पाइनचं वीतभर रोप त्या तणाशी पाण्यासाठी भांडत बसतं.

मग तिथल्या लोकांनी रीत बदलली. काडीपेटी खिशात ठेवली. फांद्या-शेंड्यांवरून जड रोलर फिरवून त्यांचे तुकडे केले आणि ते जागच्या जागी पसरून दिले. त्यातच रोपं लावली. तणाचा बंदोबस्त केला, रोपं जातिवंत निवडली, जे द्रव्य कमी होतं ते खतातून दिलं. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातही वाळूच्या जमिनीवर प्रयोग झाले आणि पाचोळा राखलेल्या जागी दुसरं पीक पहिल्याला मागं टाकू शकतं असं दिसलं. आच्छादनाखाली वाळू थंड राहिली, ओल टिकली, नत्र हळूहळू सुटत राहिलं. जमीन थकली नव्हती. तिच्या ताटातलं वाढून घेतलं जात होतं, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या कोकणात तर जाळल्यावरच रोपं चांगली येतात! खरं आहे. मी स्वतः राबात वाढलेला माणूस. होळीच्या सुमारास डोंगरातली ऐन-किंजळीची कवळं तोडून आणायची, वाळवायची, भाताच्या दाढीवर शेण, कवळं, पाचोळा, गवत असे थर द्यायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. भाजावळीचा तो धूर माझ्या लहानपणाच्या अंगाला अजून चिकटलेला आहे. आमचे वडील म्हणत, भाजलेल्या दाढीतलं रोप ओळखू येतं, त्याचा हिरवेपणाच वेगळा. इंग्रज अमदानीत ठाणे-कुलाब्याच्या जंगलात राबासाठी पाला तोडू द्यायचा की नाही, यावर सरकार आणि रयत यांच्यात मोठा वाद झाला होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं राबाचा शास्त्रीय अभ्यास केला. नुसतं राखेचं खतच नव्हे, तर जमीन तापल्यानंही रोपाला फायदा होतो, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा. तापल्यानं तणाचं बी मरतं आणि मातीत अडकलेली काही अन्नद्रव्यं एकदम मोकळी होतात. ऑस्ट्रेलियातही जिथं लाकडाचे ढीग जळाले त्या राखेच्या जागी रोपं जोमात वाढताना दिसतात.

मग दोन्ही खरं कसं? तर श्रोतेहो, राब म्हणजे मोठ्या डोंगराची कमाई आणून चिमुकल्या दाढीत खर्च करणं. दाढीला ते परवडतं, कारण बिल डोंगर भरतो. पाइनच्या बागेत मात्र डोंगरही तोच आणि दाढही तीच. तिथं जाळणं म्हणजे पगार झाल्याच्या दिवशी सगळ्या नोटा उधळणं. पहिला आठवडा मजेत जातो. रोपाचं पहिलं वर्षही तसंच मजेत जातं. महिनाअखेर पुढं असते, आणि पाइनच्या बाबतीत ती पंधरा-वीस वर्षांनी येते.

म्हणून पाचोळा नुसता पसरून दिला की काम झालं, असंही नाही. पाचोळा कुजवणारे जिवाणू आणि बुरशी यांनाही नत्र लागतं. पाइनच्या सुईत कर्ब भरपूर, नत्र नाममात्र. म्हणून हे जीव सुरुवातीला मातीतलंच नत्र उसनं घेतात. भुगा किंवा ताजा पाचोळा मातीत कालवला तर कोवळी रोपं पिवळी पडतात ती यामुळं. उसनं परत मिळतं, पण सवडीनं. आपल्या ऊसवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. खोडव्यात पाचट ठेवायचं तर एक टन पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, अशी शिफारस आहे. तो युरिया उसासाठी कमी आणि पाचट खाणाऱ्या जिवांच्या शिदोरीसाठी जास्त. पाइनच्या रोपांनाही हाच न्याय. पाचोळा मातीच्या वर आच्छादन म्हणून ठेवा, मुळाशी गाडू नका. रोपवाटिकेत वापरायचा तर शेणात, हिरव्या पाल्यात घालून आधी पुरता कुजवा.

या काळ्या भुग्यात आणखी एक गुपित असतं. 1885 मध्ये फ्रांक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवलं की अशा झाडांच्या मुळांना बुरशीचं अस्तर असतं आणि ते रोग नसून सोयरीक आहे. बुरशीचे धागे लांबवर जाऊन पाणी, नत्र, स्फुरद आणतात, मूळ त्या बदल्यात साखर देतं. त्यानं या सोयरिकीला ‘मायकोरायझा’ हे नाव दिलं. पुढं कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावर वर्षानुवर्षं पाइन लावायचे प्रयत्न झाले. रोपं उगवत, वीतभर होत आणि पिवळी पडून मरत. खतं दिली, उपयोग नाही. अखेर 1955 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातल्या पाइनखालची माती आणून रोपांना दिली आणि रोपं हिरवी झाली. त्या बेटावर पाइनची सोयरी बुरशीच नव्हती. ती मुठीतून आली. आमच्याकडं मयताला आपण मूठ मूठ माती देतो, तेव्हा ती निरोपाची असते. मुठीतली माती असं जगवतेही, हे वाचल्यावर मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. पाचोळ्याचा थर खरवडून नेला किंवा रणरणती आग त्यावरून गेली, तर पहिला घाव या सोयऱ्यांवर बसतो.

शास्त्राच्या बाबतीत एकाच बाजूची साक्ष काढू नये. अमेरिकेत 1990 पासून यावर फार लांब पल्ल्याचा प्रयोग चालू आहे. लुइझियाना राज्यात सुरुवात झाली, पुढं अमेरिका आणि कॅनडात मिळून त्याची ठिकाणं शंभरावर गेली. कुठं फक्त खोडं नेली, कुठं फांद्यांसकट अख्खं झाड नेलं, कुठं झाडासोबत जमिनीवरचा पाचोळाही खरवडून नेला. सर्वांत जुन्या 26 ठिकाणांच्या पहिल्या दहा वर्षांचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. पाचोळा पूर्ण काढलेल्या जागी वरच्या थरातला कर्ब आणि उपलब्ध अन्नद्रव्यं कमी झाली होती. पण झाडांची वाढ मात्र बहुतेक ठिकाणी तेवढ्यात घटलेली नव्हती. म्हणजे कसदार जमीन बरीच वर्षं सोसते, हलकी वाळू लगेच बोलून दाखवते. सोसणाऱ्या जमिनीचं पासबुक मात्र बघत राहावं लागतं. सोसणाऱ्या माणसाचंही तसंच नाही का?

आता येऊ आपल्या हिमालयात. चिडाच्या सुयांना तिकडं पिरूल म्हणतात. उन्हाळा लागला की पिरूल गळतं आणि सगळा उतार तांबूस, गुळगुळीत होतो. पाय ठेवला की घसरतो. अल्मोड्याच्या वाटेवर डोक्यावर पिरुलाचा भारा घेतलेली एक बाई भेटली. माझ्या वयाची असेल. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, गोठ्यात अंथरायला. बांजाचा, म्हणजे ओकचा पाला यापेक्षा चांगला, लवकर कुजतो, पण तो आता लांब गेला. मग आपणहून म्हणाली, नेलं तर गोठ्याचं काम होतं, नाही नेलं तर जेठात आग लागते. न्यूरेंबर्गचा शेतकरी आणि कुमाऊंची ही बाई, दोघांचा भारा एकच. पण हिच्या डोक्यावर आगीचं ओझं जास्तीचं.

ही आग शब्दांतली नाही. जून 2024 मध्ये बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेल्या वनखात्याच्या माणसांपैकी चौघं जागीच गेले. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तराखंड सरकारनं पिरूल गोळा करून आणणाऱ्याला किलोमागं 50 रुपये देण्याची मोहीम जाहीर केली. पिरुलापासून कांडी कोळसा करणं, वीज तयार करणं हे प्रयोगही तिथं झाले. तेव्हा माउंट गॅम्बियरची रीत उचलून ‘पाचोळा हलवू नका’ असं त्या बाईला सांगणारा मी कोण? शिवाय चिडाचं बी आपोआप उगवायचं तर त्याला उघडी माती लागते. सुयांच्या जाड गादीवर पडलेल्या बीचं मूळ मातीपर्यंत पोचतच नाही. वाटिकेतल्या रोपाला जे पांघरूण हवं, तेच बीला आड येतं.

मग करायचं काय? जाणत्यांकडून मला समजलं ते असं. सगळं नेऊ नका आणि सगळं ठेवूही नका. गावालगत, रस्त्याकडेला, आगपट्ट्यांत पिरूल काढायचंच. जिथं नवीन लागवड आहे, उतार मोडतोय, माती हलकी आहे, तिथं खालच्या काळ्या थराला हात लावायचा नाही. वरचं सैल पिरूल नेलं तरी दाताळं मातीपर्यंत खरवडायचं नाही. उताराला आडव्या ओळींत फांद्या रचल्या तर त्यामागं माती आणि पाणी दोन्ही अडतं. आणि जंगलातून जे गोठ्यात, शेतात गेलं, त्यातलं कुजलेलं थोडं खत रोपवाटिकेच्या वाटेनं डोंगराला परत करायचं. घेतलं तर द्यायचं. याला फार मोठं विज्ञान लागत नाही, हिशेब लागतो.

हा हिशेब मी आमच्या घरीही मांडला. गावी धाकट्या भावानं काजूची नवीन कलमं लावली आहेत. आमच्या भागात दर उन्हाळ्यात वणवा येतो आणि कुणाच्या तरी वर्षांच्या मेहनतीची दोन तासांत राख करून जातो. म्हणून तो बागेतला सगळा पाचोळा गोळा करून आधीच जाळायचा. त्याची भीती खरी आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. आम्ही दोघं बांधावर बसून बोललो. शेवटी ठरलं ते असं, की बागेच्या चहूबाजूंनी चांगला रुंद पट्टा मातीपर्यंत साफ करायचा, तिथलं गवत-पाचोळा उचलून आत आणायचा आणि खड्ड्यात शेणकाला टाकून कुजवायचा. आतल्या कलमांभोवती आळ्यात पाचोळा पसरायचा, खोडापासून वीतभर लांब. वर थोडी माती, म्हणजे उडायचा नाही. भाऊ म्हणाला, ‘दादा, मजुरी वाढेल.’ वाढली. पट्टा दर वर्षी नव्यानं काढावा लागतो, खड्डा भरावा लागतो. काडी लावायला दहा मिनिटं लागतात, हे करायला आठ दिवस. पण जाळण्याचा खर्चही कुणीतरी भरतच असतं. फक्त तो भरणारा अजून जन्मलेला नसतो, म्हणून तक्रार करत नाही.

श्रोतेहो, आपल्या दारात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात सकाळी झाडून झाडून पाचोळ्याचा ढीग होतो आणि कोपऱ्यात पेटतो. त्या धुरानं शेजारच्या म्हाताऱ्याला ठसका लागतो आणि चार दिवसांनी तीच सोसायटी कुंड्यांसाठी खताची पिशवी विकत आणते. त्या कोपऱ्यात काडीऐवजी एक खड्डा करून बघा. पाला घाला, मूठभर जुनं शेणखत किंवा चांगली माती घाला, पाणी शिंपडा, अधूनमधून खालीवर करा. काही महिन्यांनी हात घालून पाहा. काळा, भुसभुशीत भुगा हाताला लागेल आणि पहिल्या पावसाचा वास येईल. मग तो भुगा कुठल्या तरी रोपाच्या बुडाशी घाला आणि त्या झाडाच्या सावलीत पुढं कोण बसेल, याचा विचार करू नका. जर्मनीच्या वाळूत बी पेरणाऱ्या त्या व्यापाऱ्यानंही केला नसेल.